माफी आणि कबुली

१९७६ साली पुण्यात जोशी आणि अभ्यंकर ही दोन कुटुंबे राहत्या घरी मारली गेली आणि त्या बातमीने आमच्या हिंगोलीपर्यंत थरकाप उडाला. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका. इथली मुले मीटरगेजच्या गाडीने पूर्णा गाठीत आणि पुढे पुण्याला शिकायला जात. मारणारेही शिकणारेच निघाले, अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी! जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या अवधीत त्यांनी दहा जीव घेतले. त्यांत संस्कृत व्याकरणाचे गाढे पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर होते, तशीच त्यांच्या घरी काम करणारी वृद्ध बाईही होती.

या प्रकरणावर पुढे एक चित्रपट आला आणि एक पुस्तकही. राजदत्त यांनी दिग्दर्शित केलेला, नाना पाटेकरांचा ‘माफीचा साक्षीदार’ १९८६ चा. पुस्तक म्हणजे मुनव्वर शहा या आरोपीने येरवड्याच्या तुरुंगात लिहिलेले आत्मकथन, ‘येस, आय ॲम गिल्टी’. चित्रपट पुस्तकावर बेतला आहे असे मी म्हणत नाही. खटला मात्र एकच. दोन्ही शेजारी ठेवली, तेव्हा मी अडखळलो तो त्यांच्या नावांपाशीच.

माफीचा साक्षीदार म्हणजे कोण? गुन्ह्यात सामील असलेल्या इसमाने, ठाऊक असेल ते सारे खरेखरे सांगण्याची अट पत्करली, तर न्यायालय त्याला माफी देऊ शकते. काही दडविले, तर माफी जाते आणि खटला उभा राहतो. शिवाय न्यायालय त्याच्या शब्दावर डोळे मिटून विसंबत नाही. दुसऱ्या पुराव्याचा आधार शोधते. या खटल्यात एकजण असा साक्षीदार झाला आणि फासातून वाचला. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शहा हे चौघे २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी गेले.

आता पहा, वाचकहो! ‘होय, मी गुन्हेगार आहे’ हीही कबुलीच. पण सत्र न्यायालयाने सप्टेंबर १९७८ मध्ये फाशी सुनावली होती आणि नोव्हेंबर १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयात अपीलही फेटाळले गेले. त्या कबुलीची खटल्याला गरजच उरली नव्हती. साक्षीदाराला मिळते ती माफी माहितीबद्दल असते, पश्चात्तापाबद्दल नव्हे.

चित्रपटात आपण खुन्यांकडे बाहेरून पाहतो. नानांची ती थंड नजर पाहिली की वाटते, ही माणसे आपल्यातली नव्हेतच! तेवढ्याने मन निश्चिंत होते. पुस्तक ती सोय ठेवीत नाही. ‘मी’ म्हणणारा आपल्याच मराठीत बोलतो आणि लिहिणारा फासावर गेला हे ठाऊक असल्याने पान उलटणे जड जाते. तरीही सावध राहावे. ज्याच्या हाती लेखणी, त्याच्याकडे वाचकाचे मन सहज वळते. मारल्या गेलेल्यांना ती संधी कुठली?

मला विचाराल, तर साक्षीदाराशी केलेला हा सौदा मी नाकारीत नाही. त्यावाचून कित्येक गुन्ह्यांचा उलगडाच होणार नाही. पण त्याला ‘माफी’ म्हणायला जीभ रेटत नाही. माफी द्यायचा हक्क ज्यांचा, ते दहाजण तर उरलेच नव्हते.