पाळणाघरांतील मधल्या वेळचें खाणें

खाऊ हा शब्द मराठी घरांत फार लाडका आहे. आजोबा बाहेरून आले कीं खाऊ, पाहुणे आले कीं खाऊ, मूल शहाण्यासारखें वागलें कीं खाऊ, अशी त्याची परंपरा आहे. जेवणावेगळें, आनंदासाठीं दिलेलें कांहींतरी गोड असा त्याचा अर्थ रूढ झाला. आणि मूल दिवसभर घरीं होतें तोंवर त्यांत फारसें बिघडत नव्हतें, कारण त्याचें जेवण आईच्या किंवा आजीच्या नजरेखालीं होत असे. आतां मुंबई-पुण्यासारख्या शहरांतून अनेक घरीं आईबाप दोघेही कामावर जातात आणि दोन-तीन वर्षांचें मूल आठ-नऊ तास पाळणाघरांत राहतें. दिवसाच्या आहाराचा मोठा भाग तेथेंच त्याच्या पोटांत जातो. अशा ठिकाणीं मधल्या वेळचें खाणें हा केवळ खाऊ राहत नाहीं. तें लहानसें जेवणच होय.

याचें कारण साध्या हिशेबांत आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रमाणानुसार एक ते तीन वर्षांच्या मुलास दिवसाला सुमारें १,००० किलोकॅलरी लागतात. वजनाच्या मानानें पाहिलें तर ही गरज दर किलोस ८० च्या आसपास, म्हणजे बैठें काम करणाऱ्या मोठ्या माणसाच्या दुपटीहून अधिक होते. परंतु मुलाचें पोट लहान. दोन जेवणांत एवढें अन्न त्यांत मावत नाहीं. म्हणून त्याला दर दोन-तीन तासांनीं थोडें थोडें खावें लागतें. ती खोड नव्हे, शरीराची मागणी आहे. कायद्यानेंही ही गोष्ट ओळखली आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यांत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडींत द्यावयाचें ५०० किलोकॅलरी व १२ ते १५ ग्रॅम प्रथिनांचें प्रमाण ठरविलें, तें सकाळचें खाणें आणि गरम जेवण हीं दोन्हीं मिळून.

या छोट्या जेवणाच्या जागीं पुष्कळ ठिकाणीं चहांत बुडविलेलें बिस्किट येतें. तें स्वस्त, टिकाऊ आणि रडणाऱ्या मुलास क्षणांत गप्प करणारें असल्यामुळें, अनेक मुलें एकटीनें सांभाळणाऱ्या बाईंना त्याचा मोह पडावा हें समजण्यासारखें आहे. परंतु मैदा आणि साखर यांनीं भूक मरते, पोषण होत नाहीं. चहांतील द्रव्यें तर अन्नांतील लोह शरीरांत शोषलें जाण्यास अडथळा करितात. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत पांच वर्षांखालील शंभर मुलांपैकीं सुमारें ६७ मुलांत रक्तक्षय आढळला. अशा मुलांच्या हातीं चहाचा पेला देणें परवडणारें नाहीं. साखरेविषयीं जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं सांगितलें कीं, वरून घातलेल्या साखरेचा वांटा एकूण ऊर्जेच्या दहाव्या हिश्शाहून कमी असावा. १,००० किलोकॅलरींच्या हिशेबानें ही मर्यादा दिवसाला २५ ग्रॅमांची, म्हणजे पांच-सहा चमच्यांची झाली.

मग द्यावें काय? त्यासाठीं महाग डबे नकोत. आपल्या स्वयंपाकघरांत पुरेसें आहे. एक धान्य, त्यास जोड म्हणून डाळ, दूध, दहीं, अंडें किंवा शेंगदाण्याचें कूट, आणि एखादें फळ वा भाजी, एवढें सूत्र ध्यानांत ठेवावें. मूगडाळीचें धिरडें, किसलेला दुधी घातलेलें मऊ थालीपीठ, मटार व कूट घातलेले पोहे हे पदार्थ या सूत्रांत बसतात. पोह्यांवर लिंबू पिळण्याची चाल केवळ चवीची नव्हे. लिंबांतील क जीवनसत्त्वामुळें लोह अधिक शोषलें जातें. नाचणीच्या १०० ग्रॅमांत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें, म्हणून दूध घालून केलेली तिची लापशी वाढत्या हाडांस उपकारक ठरते. केळें तर सोलून हातांत देतां येतें.

पदार्थ चांगला असून भागत नाहीं, तो धोक्याचाही नसावा. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, मक्याच्या लाह्या, अख्खीं द्राक्षें, बियांसकट बोरें हे जिन्नस चार-पांच वर्षांखालील मुलाच्या श्वासनलिकेंत अडकूं शकतात. दाण्यांचें कूट करावें, द्राक्षें उभीं चिरून चार फोडी कराव्या. एक वर्षाच्या आंतील बाळास मध मुळींच देऊं नये. धांवतां, हंसतां किंवा आडवें पडून मुलांनीं खाऊं नये; खातांना कोणीतरी मोठें माणूस समोर असलेंच पाहिजे. कोणत्या मुलास कोणतें अन्न सोसत नाहीं, याची नोंद पाळणाघरांत लिहून ठेवावी.

वाढण्याची रीतही महत्त्वाची आहे. काय, केव्हां आणि कोठें खावयाचें हें मोठ्यांनीं ठरवावें. किती खावयाचें हें मुलावर सोडावें. "रडूं नकोस, बिस्किट देतें," या वाक्यानें मूल भूक आणि दुःख यांची गल्लत करावयास शिकतें. नवा पदार्थ त्यानें एकदां नाकारला म्हणून निराश होऊं नये. दहा-दहा वेळां पुढें आल्यावर कित्येक मुलें तोच पदार्थ आवडीनें खातात. सर्वांनीं हात धुऊन पंगतीस बसावें आणि सांभाळणाऱ्या बाईंनींही तेंच खावें. मुलें उपदेशापेक्षां अनुकरणानें लवकर शिकतात.

पाळणाघर निवडतांना पालक शुल्क विचारतात, अंतर मोजतात, खोली पाहतात. भिंतीवर आठवड्याच्या खाण्याचा तक्ता आहे कीं नाहीं, हें मात्र क्वचितच पाहिलें जातें. संध्याकाळीं "सगळें संपविलें का?" असें विचारण्यापेक्षां "आज काय दिलें, आणि किती वाजतां?" असें विचारावें. पालक असें नित्य विचारूं लागले, म्हणजे बिस्किटाच्या पुड्याच्या जागीं धिरडें येण्यास फार दिवस लागणार नाहींत.