जुळा भाऊ नव्हता, वेडही नव्हतं. तरी हजारो लोकांनी तोतयाला ‘भाऊसाहेब’ कसं मानलं?

सिनेमात कुणाची ओळख चोरायची असेल, तर लेखकाकडे दोन हुकमी युक्त्या असतात: हुबेहूब दिसणारा जुळा भाऊ, नाहीतर मानसिक आजार. १७७६ मध्ये पेशवाई हादरवणाऱ्या तोतयाचं यातल्या एकीवाचूनही अडलं नाही.

१४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पानिपतावर मारले गेले. धड सापडलं ते शिराविना. ओळख पटवून अंत्यसंस्कार झाले, पण पुण्यात अनेकांच्या मनातली शंका गेली नाही. पत्नी पार्वतीबाईंनी कुंकू पुसायला नकार दिला.

पुढे ‘मीच भाऊ’ म्हणणारा एक जण उगवला. तो सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण निघाला आणि कैदेत गेला. १७७६ मध्ये रत्नागिरीच्या रामचंद्र नाईक परांजपे यांनी त्याला सोडवून चक्क भाऊसाहेब म्हणून मान्यता दिली. कोकण त्याच्या हाती गेलं, हजारो माणसं त्याच्यामागे उभी राहिली. बोरघाट चढून तो मुळशीशेजारच्या मावळात, राजमाचीपर्यंत आला. कारभाऱ्यांनी शरणागतीची बोलणी लावून त्याला झुलवत ठेवलं आणि अचानक हल्ला केला. मुंबईकडे निसटताना तो राघोजी आंग्रेंच्या हाती सापडला. शिक्षा: मृत्युदंड.

पण लोकांनी त्याला मानलं का? पंधरा वर्षांनी चेहरा कितीसा आठवणार! खरं कारण होतं गादीची अवस्था. नारायणरावांचा १७७३ मध्ये खून झाला होता, सवाई माधवराव दोन वर्षांचे होते आणि राघोबादादा गादी मागत होते. पानिपतावरून परतलेला कर्ता पेशवा अनेकांना हवाच होता. न. चिं. केळकरांना यातूनच ‘तोतयाचे बंड’ हे नाटक सुचलं.

पार्वतीबाईंना भ्रमिष्ट ठरवणं सोपं आहे. मात्र माणूस गेल्याची खात्रीच न पटणं, या अवस्थेला पॉलिन बॉस या अभ्यासक ‘संदिग्ध वियोग’ म्हणतात आणि तो मनोविकार मानत नाहीत. मनोविकार आहे तो याच्या उलट. कॅपग्रा भ्रमात समोरचं आपलंच माणूस तोतया वाटतं. १९२३ मध्ये त्याची वैद्यकीय नोंद झाली.

तोतयाचा निकाल लागला, तरी पार्वतीबाईंचं कुंकू कायम राहिलं, १७८३ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत.