राउटरमधला ब्रिज

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची, आज भारतनेट म्हणून ओळखली जाणारी योजना 2011 साली मंजूर झाली. पण भूम तालुक्यातलं ईट असो की दुसरं गाव, खरा प्रश्न इंटरनेट दारात आल्यावर सुरू होतो. संगणक आणि प्रिंटर वायरवर, मोबाइल वायफायवर, आणि मोबाइलला प्रिंटर सापडतच नाही. अनेकदा ही दोन जाळी राउटरमध्ये जोडलेलीच नसतात.

ती जोडण्याचं काम ‘ब्रिज’चं. ओपनडब्ल्यूआरटी या लिनक्सवर चालणाऱ्या मोफत प्रणालीत त्याचं नाव ‘बीआर-लॅन’. लॅनची पोर्टं आणि वायफाय त्याचे सदस्य. आयपी पत्ता मात्र ब्रिजलाच द्यायचा, सदस्यांना नाही. नवशिके इथेच अडकतात. इंटरनेट जिथून येतं ते वॅन पोर्ट ब्रिजबाहेरच ठेवायचं.

आलेल्या प्रत्येक फ्रेमवरून, म्हणजे माहितीच्या पुडक्यावरून, ब्रिज शिकतो, की कोणता मॅक पत्ता (उपकरणाचा हार्डवेअर पत्ता) कोणत्या पोर्टावर आहे. लिनक्समध्ये 300 सेकंद त्या पत्त्यावरून काही आलं नाही, तर नोंद पुसली जाते. अनोळखी पत्त्याची किंवा सगळ्यांसाठीची फ्रेम उरलेल्या सर्व पोर्टांवर जाते. म्हणूनच चुकून एकाच ब्रिजची दोन पोर्टं एका केबलने जोडली, की त्याच फ्रेम अखंड फिरत राहतात आणि सगळं ठप्प. यावर रॅडिया पर्लमन यांनी 1985 मध्ये स्पॅनिंग ट्री ही रीत शोधली: जादाचा रस्ता बंद ठेवायचा, मुख्य तुटला तरच उघडायचा. किती सुंदर कल्पना! ओपनडब्ल्यूआरटीत ती मुळात बंद असते. जिथे स्विच अनेक, तिथे ती चालू करावीच.