पोलिसाचे मन

खाकी कपडे घातले की भीती जाते, असे आपल्याला वाटते. तसे नाही. पोलीसही माणूसच. संकट समोर आले की त्याचीही छाती धडधडते. श्वास आखूड होतो. नजर एकाच गोष्टीवर खिळते, बाजूचे दिसत नाही.

तेव्हा त्याने मनाशी बोलावे. "आता माझं कसं होणार?" असे म्हटले की भीती वाढते. म्हणून कामाचेच बोलावे : "श्वास सावकाश घे. त्याचे हात बघ. आडोसा धर." आमच्या माहीमचा तांडेल वादळात लाटा मोजत बसतो का? "सुकाणू धर, तोंड लाटेकडे ठेव," एवढेच तो म्हणतो.

पण हे बोल ऐन वेळी सुचत नाहीत. पाढ्यांसारखे आधी घोकावे लागतात. डोळे मिटून रात्रीचा नाका आणि थांबलेली गाडी मनात आणायची, मग आपण काय करू ते पाहायचे.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाक्यावर तुकाराम ओंबळे होते. साताऱ्याकडचे, आधी फौजेत होते. हाती फक्त काठी. त्यांनी अतिरेकी कसाबच्या बंदुकीची नळी धरली. गोळ्या लागल्या, तरी सोडली नाही. कसाब जिवंत सापडला. ओंबळे गेले. २००९ मध्ये त्यांना अशोकचक्र मिळाले.

आमचा एक विद्यार्थी पोलिसात आहे. बंदोबस्तावरून आला की त्याला झोप लागत नाही. आम्ही सूनबाईंना सांगितले, "लगेच काही विचारू नको गं. चहा दे, जवळ बस. तो आपणहून बोलेल."