डांबर निघालं, पाणी उरलं

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, फोर्ट मॅकमरे गावाच्या उत्तरेला, अथाबास्का नदीच्या दोन्ही अंगांना डांबराने माखलेली वाळू खणून काढतात. तिच्यातून डांबर सोडवण्याची रीत १९२० च्या दशकात एडमंटनच्या अल्बर्टा विद्यापीठात कार्ल क्लार्क यांनी बसवली. गरम पाण्यात कॉस्टिक सोडा घालून वाळू घुसळायची; डांबर फेसाबरोबर वर येतं, वाळू तळाला जाते. १९६७ साली या रीतीवर पहिला मोठा कारखाना उभा राहिला. क्लार्क तो पाहायला उरले नव्हते. आदल्याच वर्षी ते वारले. त्यांच्या पद्धतीतून उरलेलं पाणी आता त्याच विद्यापीठाचे सिव्हिल आणि पर्यावरण अभियंते निस्तरत आहेत.

एका पिंपभर तेलामागे साधारण दोन टन वाळू धुवावी लागते. वाळू लगेच बसते; घोळ चिकणमातीचा आहे. तिच्या कणांवर ऋण भार असतो, ते एकमेकांना दूर लोटतात, आणि कॉस्टिक सोडा त्यांना आणखीच सुटं करतो. काही वर्षांत गाळ पातळ दह्याइतका दाट होतो आणि तिथेच अडतो. नुसता सोडून दिला, तर पुढे घट्ट व्हायला दशकंच काय, शतकंही लागतील. मातीच्या बंधाऱ्यांनी अडवलेल्या तलावांत असा द्रवरूप गाळ आज शंभर कोटी घनमीटरहून जास्त साठला आहे.

गाळ बसला तरी पाणी निवळत नाही, कारण त्यात नॅफ्थेनिक आम्लं उतरलेली असतात. ती मुळात डांबरातलीच, माशांना विषारी. याच विद्यापीठातल्या मोहम्मद गमाल एल-दिन यांच्या गटाने त्यांच्यावर ओझोन वापरून पाहिला. जिवाणू साधी आम्लं खातात. अनेक कड्यांचे, फांद्या फुटलेले रेणू मात्र तसेच राहतात. ओझोन नेमका त्या हट्टी रेणूंवर आधी तुटून पडतो. म्हणून थोडा ओझोन देऊन रेणू मोडायचे आणि पुढचं काम जिवाणूंवर सोपवायचं, ही जोडी मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. सगळं ओझोननेच करायचं म्हटलं तर विजेचं बिल परवडायचं नाही. शिवाय पाण्यातलं बायकार्बोनेटही ओझोनच्या कामात आडवं येतं. कारखान्यात फुकट पडलेला कोळशासारखा पेट्रोलियम कोकही ही आम्लं शोषतो, पण बदल्यात पाण्यात व्हॅनेडियम सोडतो.

कंपन्यांना सोपा वाटणारा मार्ग वेगळाच: खाणीचा रिकामा खड्डा गाळाने भरायचा आणि वर पाणी सोडायचं. २०१२ च्या अखेरीस असा पहिला मोठा तलाव, ‘बेस माइन लेक’, तयार झाला. त्याचा खरा तलाव होतो का, याची मोजमापं अजून चालू आहेत. माझ्या मते हा तोडगा नव्हे, वेळकाढूपणा आहे.

नदी उत्तरेकडे वाहते आणि खाली फोर्ट चिपेवायन हे क्री, डेने आणि मेटी लोकांचं गाव आहे. याच भागातल्या कर्ल या डांबरवाळूच्या खाणीतून होणारा दूषित पाण्याचा पाझर २०२२ च्या मे महिन्यात लक्षात आला होता. त्याचा खरा आवाका गावाला कळला तो २०२३ च्या फेब्रुवारीत, दुसऱ्या एका तलावातून त्रेपन्न लाख लिटर पाणी सांडल्यावर. त्यानंतर प्रयोगशाळेतल्या आकड्यांवर गावाने विसंबून राहावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. शुद्ध केलेलं पाणी पुढे नदीत सोडायचं झालं, तर त्याचे निकष ठरवताना नमुने घेण्यापासून ते तपासण्यापर्यंत या गावची माणसं हजर असायला हवीत.