काचेबाहेर सांडणारा उजेड

आषाढात सिंधुदुर्गातल्या आचऱ्याच्या मळ्यांत लावणी सुरू झाली की माणसं दिवसदिवस चिखलात उभी असतात. त्याच पाण्यात उंदरांच्या लघवीतून आलेले लेप्टोस्पायरा जंतू असू शकतात. पायाची भेग, खरचटलेली जागा त्यांना पुरते. या जिल्ह्यात ‘लेप्टो’चा ताप म्हणजे काय, हे कुणाला सांगावं लागत नाही. नेहमीची रक्ततपासणी या जंतूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडं शोधते आणि ती दिसण्याजोगी व्हायला पाच-सात दिवस जातात. जंतू मात्र पहिल्या आठवड्यातच रक्तात फिरत असतो. त्याच्या बाहेरच्या आवरणात ‘लिपएल ३२’ नावाचं प्रथिन विपुल असतं. तेच पकडता आलं तर?

प्रथिनाचा रेणू काही नॅनोमीटरचा. मिलिमीटरचे दहा लाख भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. साध्या सूक्ष्मदर्शकाला तो दिसत नाही, पण उजेडाला त्याचा स्पर्श कळतो!

काचेच्या तंतूतून प्रकाश जातो तेव्हा तो भिंतींवर आपटत आतल्या आत पुढे सरकतो, असं आपण शाळेत शिकलो. खरी गंमत त्या भिंतीपाशी आहे. प्रकाश तिथे काटेकोरपणे थांबत नाही. काचेबाहेर एकदोनशे नॅनोमीटरपर्यंत त्याचा पातळ पदर पसरलेला असतो. तंतू वाकवला तर हा पदर वाढतो. करूळ घाटात एसटी वळली की प्रवासी बाहेरच्या अंगाला रेलतात, तसा प्रकाशही वळणाच्या बाहेरच्या भिंतीवर रेलतो.

पवईच्या आयआयटी मुंबईत सौम्यो मुखर्जी, व्ही. व्ही. आर. साई आणि सहकाऱ्यांनी याच वळणाचा उपयोग केला. २००९ मध्ये त्यांनी ‘यू’ अक्षरासारखा वाकवलेला, सोन्याचे अतिसूक्ष्म कण चिकटवलेला तंतू मांडला. इतक्या बारीक कणांचं सोनं पिवळं दिसत नाही, लालसर दिसतं, कारण ते हिरवा प्रकाश गिळतं. कणांवर प्रतिपिंडं बसवलेली असतात. त्यांना हवं ते प्रथिन येऊन चिकटलं की तिथलं पाणी हटतं, प्रथिनातून प्रकाश पाण्यापेक्षा सावकाश जातो आणि सोनं गिळत असलेल्या प्रकाशाचं प्रमाण बदलतं. तंतूच्या दुसऱ्या टोकाला तो फरक मोजायचा.

विजापूरच्या गोलघुमटात भिंतीशी कुजबुजलेला शब्द पलीकडच्या टोकाला ऐकू येतो. प्रथिन टिपायच्या दुसऱ्या एका पद्धतीत प्रकाशही असाच वाळूच्या कणाएवढ्या काचगोळीत कडेकडेने हजारो फेऱ्या मारतो. गोळीवर प्रथिनाचा थर बसला की त्या वाटेत नेमका बसणारा रंग किंचित सरकतो. फ्रँक व्होल्मर आणि स्टीफन अरनॉल्ड या शास्त्रज्ञांच्या गटाने २००२ मध्ये गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन असंच टिपलं. मला यात सर्वांत विलक्षण वाटतं ते हे, की प्रथिनाला रंग लावावा लागत नाही, खूण करावी लागत नाही.

अवघड भाग पुढे आहे. रक्तद्रवाच्या एका लिटरात सुमारे ७० ग्रॅम प्रथिनं असतात. त्यांतली नको ती काचेला आधीच चिकटतात. तापमान थोडं बदललं तरी प्रकाशाची चाल बदलते, म्हणून शेजारी तुलनेचा दुसरा तंतू ठेवावा लागतो. प्रयोगशाळेतलं यश गावच्या दवाखान्यात पोहोचायला वेळ लागतो, तो इथेच.

माझ्या मते या तंत्राची गरज मोठ्या शहरांपेक्षा आचऱ्यासारख्या खाडीकाठच्या गावांना अधिक आहे. ते येईपर्यंत मळ्यातून आल्यावर ताप भरला, पोटऱ्या दुखू लागल्या, तर घरी बसू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि चिखलात काम केल्याचं डॉक्टरांना आधी सांगा.