ब्लू-रे चित्रपट संगणकावर साठवताना कोणता फॉरमॅट निवडावा?

नांदेडला लागून असलेल्या निर्मल जिल्ह्यात, विशेषतः भैंसा-मुधोळ पट्ट्यात, तेलुगू, मराठी, हिंदी आणि उर्दू एकत्र नांदत असल्याने, ब्लू-रे डिस्कवरील चित्रपट संगणकावर उतरवताना चित्राच्या स्पष्टतेइतकेच महत्त्व सर्व भाषांचे ऑडिओ ट्रॅक आणि सबटायटल टिकवण्यास येते.

येथे ‘कंटेनर’, म्हणजे चित्र, ध्वनी व सबटायटल एकत्र ठेवणारी फाइल, आणि ‘कोडेक’, म्हणजे माहिती आकुंचित करण्याची पद्धत, यांत फरक करावा लागतो.

ब्लू-रेवरील सबटायटल अक्षरांच्या नव्हे, तर चित्रांच्या रूपात असतात. ती एमकेव्ही या कंटेनरमध्ये जशीच्या तशी राहतात, एमपी४ या कंटेनरमध्ये सहसा नाही, म्हणून बहुभाषिक घरासाठी एमकेव्हीच योग्य, मग एखादा जुना टीव्ही ती फाइल उघडण्यास कुरकुरला तरी चालेल.

दुपदरी डिस्कची क्षमता ५० जीबी असल्याने मूळ प्रतीने हार्डडिस्क लवकर भरते. एच.२६५ कोडेक एच.२६४पेक्षा कमी जागेत जवळपास तोच दर्जा देतो, परंतु जुन्या संगणकांवर अडखळतो. ७२०×५७६ पिक्सेलची डीव्हीडी मात्र मोठ्या आकारात रूपांतरित करणे व्यर्थ होय, कारण नसलेला तपशील त्यातून निर्माण होत नाही.

डिस्कचे संरक्षण-कुलूप तोडण्याविषयी कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ आधी वाचावे.